सोनाराचे दहापट भिंग: लॉन आणि झाडांच्या दुखण्यांसाठी वर्षभर वापरून पाहिलेले साधन

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे लॉन साधारण साडेतीन हजार चौरस फुटांचे आहे आणि सलग दोन वर्षे त्यावर बुरशीनाशकाची फवारणी होत होती. कापणीनंतर तीन-चार दिवसांनी सगळ्या लॉनवर एक पांढुरकी, राखाडी छटा पसरायची. ठेकेदाराचा माणूस ती लांबूनच पाहून ‘बुरशी आहे’ असे सांगायचा, औषध मारायचा आणि बिल द्यायचा. पुढच्या कापणीनंतर तीच छटा पुन्हा हजर असे. बाग समितीचे काम माझ्याकडे आल्यावर मी गेल्या मे महिन्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या एका दुकानातून दहापट दाखवणारे घडीचे भिंग चारशे वीस रुपयांना घेतले. त्याच संध्याकाळी लॉनवर गुडघे टेकून गवताचे एक पाते तोडले आणि भिंगाखाली धरले.

पात्याचे टोक कापलेले नव्हते, फाटलेले होते. बोथट कात्रीने सुती कापड कापल्यावर काठाला जशा दशा सुटतात, तसे पाच-सहा सुकलेले पांढरे तंतू टोकाशी लोंबत होते आणि त्यांच्या खाली लगेच निरोगी हिरवा भाग सुरू होत होता. पात्यावर ठिपका नव्हता, भुकटी नव्हती, धागे नव्हते. लॉनच्या चार कोपऱ्यांतली वीसेक पाती तपासली, सगळीकडे तेच दिसले. दोष गवतात नव्हता. लॉनमोअरच्या पात्याची धार गेली होती. माळीकाकांनी दुसऱ्या दिवशी पाते सोडवून धार लावून आणले आणि त्यापुढच्या कापणीनंतर लॉन जसेच्या तसे हिरवे राहिले. दोन वर्षांच्या फवारण्यांचा हिशेब मी येथे मांडत नाही, पण भिंगाची किंमत त्या एका संध्याकाळी वसूल झाली, एवढे निश्चित सांगते.

हे परीक्षण त्या भिंगाचे आहे. उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबरचे ऊन आणि हिवाळा असे चारही काळ ते माझ्या गळ्यात होते, आणि लॉन व मोठ्या झाडांवरच्या हंगामी रोग-किडी ओळखण्यासाठी ते कोठे उपयोगी पडते व कोठे हात टेकते, हे मला आता नीट सांगता येते.

आधी वस्तूविषयी. सोनार आणि घड्याळजी वापरतात तेच हे भिंग आहे: धातूच्या कवचात घडी होणारे, एकवीस मिलिमीटर व्यासाचे, आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेले. तीन काचांमुळे कडेला निळ्या-तांबड्या रंगांची झालर दिसत नाही. झाडांच्या बाबतीत हा गुण महत्त्वाचा आहे, कारण पानावरच्या डागाची कडा तांबूस आहे की पिवळी, यावर पुष्कळदा निदान ठरते आणि भिंगच खोटा रंग दाखवू लागले तर पंचाईत होते. याच्या आधी मी एका संकेतस्थळावरून ‘तीसपट’ असे छापलेले भिंग एकशे ऐंशी रुपयांना मागवले होते. ते तीसपट नव्हते, आणि याची परीक्षा घरच्या घरी करता येते. खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ भिंग धरून भिंतीवर खिडकीचे उलटे चित्र स्पष्ट उमटेपर्यंत ते मागे-पुढे करावे आणि काचेपासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. अडीचशेला त्या मिलिमीटरांनी भागले की भिंग किती पट आहे ते कळते. पंचवीस मिलिमीटर अंतर आले तर भिंग दहापट. माझ्या तथाकथित तीसपट भिंगाचे अंतरही जवळजवळ तेवढेच भरले, म्हणजे छापील आकडा निव्वळ छापण्यापुरता होता. खरे वीसपट भिंग बागेत गैरसोयीचेच ठरते, कारण ते पानाला जवळजवळ चिकटवावे लागते, त्यात उजेड शिरत नाही आणि हाताचा जरासा कंप झाला तरी चित्र हरवते. या कामाला दहापट पुरे आहे.

ते धरायची पद्धत मात्र शिकावी लागते. बहुतेक जण गुप्तहेराच्या चित्रातल्यासारखे भिंग हातभर लांब धरतात आणि मग ‘काही दिसत नाही’ म्हणून परत देतात. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, गालाला अंगठा टेकवून धरायचे आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचे. अडीच सेंटिमीटरवर ते एकदम स्वच्छ दिसते. पाठ उन्हाकडे न करता उजेड बाजूने पानावर पडेल असे उभे राहावे, आणि भिंगातून सूर्याकडे चुकूनही पाहू नये. मला हे जमायला आठवडा लागला, माळीकाकांना दोन दिवस लागले.

आता हंगाम. वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास फाटकाजवळच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागले. माळीकाका भोरकडचे, त्यांनी पाहताक्षणी सांगितले, “ताई, हे हुमणीचे भुंगेरे. आज निंबावर बसतील, उद्या अंडी लॉनमध्ये.” शेतकऱ्याला हुमणी ओळखायला भिंग लागत नाही, आणि आम्हीही त्या आठवड्यात फक्त फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडले व रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले. भिंगाची गरज पुढे ऑगस्टमध्ये पडली. लॉनचा एक कोपरा पिवळा पडला आणि साळुंक्या व कावळे तेथे सतत चोची मारू लागले. गवत मुठीत धरून ओढले तर सतरंजी उचलावी तसा थर हातात आला, कारण खाली मुळेच उरली नव्हती. मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या होत्या. अशा अळ्यांच्या शेवटच्या खंडाच्या पोटाकडच्या बाजूला बारीक राठ केसांची रचना असते आणि ती प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. खतात वाढणाऱ्या गेंड्या भुंग्याची अळी आणि मुळे खाणारी हुमणी यांतला फरक तेथे पाहता येतो. दहापट भिंगातून ती केसांची ओळ मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती माळीकाकांना दाखवली, आणि आयुष्यभर हुमणी वेचलेल्या त्या माणसाने ती अळी तीन वेळा उलटी-सुलटी करून पाहिली. चौरस फुटात एखाद-दुसरी अळी असेल तर चांगले वाढलेले लॉन ती सोसते. आमच्या त्या कोपऱ्यात एका फुटात सात निघाल्या, म्हणून तेवढ्याच भागात मेटारायझियम या उपयुक्त बुरशीची मात्रा शेणखतात मिसळून दिली आणि तेथील माती ओली राखली. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा वेळी फोरेटचे दाणे सर्रास विस्कटले जात. त्या विषावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि ज्या लॉनवर लहान मुले अनवाणी खेळतात तेथे ते कधीच पडायला नको होते.

जुलैत मात्र भिंगाने आम्हाला काहीही न करण्याचा सल्ला दिला आणि मला त्याचे मोल सर्वांत जास्त वाटते. आठ दिवसांच्या झडीनंतर लॉनवर ताटलीएवढे करडे-काळे चट्टे उमटले, जणू कोणी सिगारेटची राख सांडली होती. सोसायटीच्या समूहात संदेशांचा पाऊस पडला, एका रहिवाशाने तर सगळे लॉन खणून नवे घालण्याचा प्रस्ताव ठेवला. भिंगाखाली पाहिले तर पात्यांवर खसखशीहून बारीक करड्या गोळ्या ओळीने दाटीवाटीने बसलेल्या होत्या. बोटाने पुसल्या की पाते खाली स्वच्छ हिरवे, कोठेही खड्डा नाही, डाग नाही. हा श्लेष्म-कवक. तो पात्यातून काही शोषत नाही, गवताचा केवळ आधार घेतो, कुजक्या काडीकचऱ्यावर जगतो. पाऊस उघडल्यावर पाण्याच्या जोरदार धारेने चट्टे धुऊन टाकले आणि प्रकरण मिटले. पूर्वीच्या पद्धतीने याच वेळी दोन फवारण्या झाल्या असत्या आणि पाऊस थांबल्यावर चट्टे आपोआप गेले की श्रेय औषधाला मिळाले असते.

खरी कसोटी पावसाळ्याच्या अखेरीस आली. लॉनवर पिवळी वर्तुळे दिसली की लोक सरसकट ‘फंगस’ म्हणतात, परंतु त्या एका शब्दात किमान दोन दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकाचे नाव डॉलर स्पॉट, म्हणजे नाण्याएवढे वाळक्या गवताच्या रंगाचे ठिपके. दुसरे रायझोक्टोनिया बुरशीचे तपकिरी चट्टे. हे हातभर ते दोन हात रुंदीचे असतात. डॉलर स्पॉट बहुधा उपाशी, नत्र कमी पडलेल्या गवतावर येतो आणि हलका खताचा हात दिला की गवत त्यातून वर येते. तपकिरी चट्टा उलट, उष्ण दमट हवेत भरपूर युरिया खाल्लेल्या लुसलुशीत गवतावर जोर धरतो आणि त्या वेळी खत दिले तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, विशेषतः डॉलर स्पॉटचे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे झाले की.

भिंगाखाली ती गल्लत होत नाही. डॉलर स्पॉटमध्ये पात्याच्या मध्येच एक फिकट पट्टा आरपार पसरलेला दिसतो, मधे आवळलेला आणि दोन्ही कडांना रुंद, डमरूसारखा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तांबूस-तपकिरी रेघ असते. रेघेच्या वर आणि खाली पाते हिरवे असू शकते. तपकिरी चट्ट्याच्या कडेवरचे पाते ओढले तर ते सहज सुटून येते आणि त्याचा बुंधा, म्हणजे पाते जेथे खोडाला वेढून असते तो भाग, कुजून तपकिरी झालेला असतो. वरच्या पात्यावर डमरू नसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दव पडायला लागल्यावर, आमच्या मेक्सिकन गवतावर रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढे ठिपके आले. मी पहाटे साडेसहाला लॉनवर वाकले. ठिपक्यांवर पांढरे जाळे होते आणि तसेच पांढरे जाळे शेजारच्या निरोगी गवतावरही होते. भिंगातून पाहिल्यावर शेजारचे जाळे कोळ्याचे निघाले: स्वतंत्र, ताणलेले, गुळगुळीत धागे, त्यांवर दवाचे मणी ओवल्यासारखे. ठिपक्यावरचे जाळे पिंजलेल्या कापसासारखे होते, त्यातले धागे पात्याला लगटून, एकमेकांत गुंतलेले, आणि ऊन वर आल्यावर अर्ध्या तासात ते दिसेनासे झाले. पात्यांवर डमरू होते. आम्ही पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्यायला सुरुवात केली, जेणेकरून गवत रात्रभर ओले राहू नये. पहाटे बांबूची लांब काठी फिरवून दव झटकले. नत्राची हलकी मात्रा दिली. तीन आठवड्यांत ठिपके भरून आले.

झाडांपैकी आमच्याकडे पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सप्तपर्णी, चाफा, करंज, बहावा, सात नारळ आणि कुंपणाला फायकस आहे. या यादीत मला सर्वाधिक धास्ती पर्जन्यवृक्षाची होती, कारण मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावात रस्त्याकडेचे कितीतरी जुने पर्जन्यवृक्ष वाळून गेले, हे वाचलेले होते. फेब्रुवारीत आमच्या झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा चिकट होऊ लागल्या. चिकट थेंब म्हणजे वर कोणीतरी रस शोषत आहे, ही पहिली खूण. खोडावर मुंग्यांची वर-खाली चाललेली रांग, ही दुसरी. खालची एक फांदी वाकवून पाहिली तर पेरांजवळ कापसासारखे पांढरे पुंजके होते. माळीकाका पंप आणायला निघाले आणि मी त्यांना थांबवून भिंग लावले.

पुंजक्यांत दोन प्रकारचे जीव होते. एक जवळजवळ निश्चल, लांबट गोल, पिठात घोळवल्यासारखा, कडेने आखूड मेणाचे दोरे असलेला. हा पिठ्या ढेकूण. दुसरा त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा, अंगावर लांब, विस्कटलेल्या मेणाच्या झिपऱ्या, आणि मुख्य म्हणजे सहा पायांवर चांगला तुरुतुरु चालणारा. तो एका ढेकणाजवळ थांबला, तोंड त्यात खुपसले आणि मी पाहत असतानाच त्या ढेकणाचा आकार सुरकुतत गेला. ही एका ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याची, अळी होती. अशाच मेणझिपऱ्यांची अळी असणारा क्रिप्टोलेमस हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी तो विकत घेऊन सोडतात. आमच्याकडे आलेली अळी नेमकी त्याच प्रजातीची होती की त्याच्या एखाद्या देशी भाऊबंदाची, हे दहापट भिंगातून ठरत नाही, आणि त्या क्षणी ठरण्याची गरजही नव्हती. डोळ्यांना दोन्ही ‘पांढरी कीड’ दिसतात आणि फवारा दोन्हींना मारतो. फरक एवढाच की ढेकणाची अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात आणि पुन्हा फुटतात, ढालकिडा मात्र संपतो. आम्ही खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवली, कारण गोड रसाच्या मोबदल्यात मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खालच्या सर्वांत भरलेल्या चार फांद्या छाटून पिशवीत बंद केल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांवरचा चिकटा जवळजवळ थांबला होता.

नारळाच्या बाबतीतही जवळजवळ हीच गोष्ट घडली. झावळ्यांच्या खालच्या बाजूला मेणाची पांढरी वर्तुळे आणि वरच्या बाजूला काजळी असेल तर ती बहुधा रुगोज चक्राकार पांढरी माशी असते. ती भारतात प्रथम २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाची भागात नोंदवली गेली आणि पुढे किनारपट्टीने पसरली. तिची पिले भिंगाखाली पाहताना दोन गोष्टी शोधायच्या: पिल्लू पांढरट आहे की काळे पडले आहे, आणि रिकाम्या कवचाला छिद्र कसे आहे. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवच पाठीवर उभे-आडवे उकलते. परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडली असेल तर सुईने टोचल्यासारखे नेटके गोल भोक असते. आमच्या पडलेल्या झावळीवर मी मोजलेल्या पन्नास कवचांपैकी एकतीस गोल भोकांची होती. एन्कार्सिया नावाची ती इवलीशी माशी आमचे काम करत होती, म्हणून नारळांवर फक्त पाण्याचा जोरदार फवारा मारला. नारळाचे शास्त्रज्ञ या किडीवर सरसकट रासायनिक फवारणी टाळायला सांगतात, त्याचे कारण त्या पन्नास कवचांत मला डोळ्यांनी दिसले.

बाकीच्या झाडांचे थोडक्यात सांगते. चाफ्याच्या पानाच्या खालच्या बाजूला पावसाळ्यात नारिंगी भुकटी येते तो तांबेरा. भिंगाखाली फुटलेल्या बारीक पुळ्या आणि त्यांतून सांडलेली पूड दिसते. गळालेली पाने गोळा करून हलवावीत, झाड हिवाळ्यात तसेही निष्पर्ण होते. सप्तपर्णीच्या पानांवर चामखिळीसारख्या गाठी येतात. एक गाठ ब्लेडने चिरली तर आत पिवळसर पिल्लू बसलेले दिसते, आणि ते बंद खोलीत आहे हे पाहिल्यावर वरून मारलेला स्पर्शजन्य फवारा त्याला का पोचत नाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फायकसची पाने पुडीसारखी दुमडलेली असतील तर पुडी पांढऱ्या कागदावर उघडावी, आत काळे, चिमुकले, शेपूट वर करून चालणारे फुलकिडे असतात. कुंपण छाटून दुमडलेली टोके जाळावीत किंवा बंद पिशवीत टाकावीत. बहाव्यावरच्या हिरव्या अळ्यांना आम्ही हात लावला नाही, कारण त्या पिवळसर पांढऱ्या भटक्या फुलपाखराच्या आहेत आणि बहावा महिन्याभरात नवी पालवी काढतो. करंजाच्या पानांवरचे बारीक फोड सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, ते कोळी मात्र दहापट भिंगाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये जास्वंद आणि कुंडीतल्या झाडांवर येणारा लाल कोळी त्यात चांगला दिसतो: पान पांढऱ्या कागदावर झटकावे, चालू लागलेल्या ठिपक्यांना भिंग लावावे, आठ पाय मोजावेत. आठ पाय म्हणजे तो कीटक नव्हे, म्हणून सर्वसाधारण कीटकनाशक त्याला फारसे मारत नाही. उलट त्याचे भक्षक मरतात आणि तो वाढतो.

आता या साधनाच्या मर्यादा, कारण त्या लपवल्या तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. आमच्या गुलमोहराच्या बुंध्याशी सप्टेंबरमध्ये तांबूस-तपकिरी, लाखेचा हात दिल्यासारखे चकाकणारे, अर्धवर्तुळाकार कवक उगवले. भिंगातून त्याच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रांची जाळी दिसली, अळंबीसारखे पडदे नव्हते, म्हणजे गॅनोडर्मा असल्याचा संशय बळावला. येथे भिंगाचे काम संपते. गॅनोडर्मा मुळे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवतो, वर पालवी हिरवीगार असताना झाड वादळात मुळासकट आडवे होऊ शकते, आणि आत किती पोकळी आहे हे कोणतेही भिंग सांगत नाही. त्यासाठी झाडांची तपासणी करणारा जाणकार बोलवावा लागतो. झाड तोडायची वा मोठ्या फांद्या उतरवायची वेळ आली तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून कवक दिसल्याच्या दिवशीच छायाचित्रांसह अर्ज करावा, मे महिन्याची वाट पाहू नये. आम्ही झाडाखालचे बाकडे त्याच दिवशी हलवले.

मुळांचे रोग, सूत्रकृमी, पिथियमसारख्या बुरशी यांच्यापुढेही भिंग हतबल आहे. तेथे मुळांसकट मातीचा नमुना कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागासारख्या ठिकाणी दाखवणे हाच मार्ग. रॉयल पामची खालची पाने पिवळी-नारिंगी पडत होती, तेव्हा भिंगाखाली काहीच दिसले नाही आणि ते ‘काहीच नाही’ हेच उत्तर होते: किडीची वा बुरशीची खूण नसेल तर पोषण, पाणी आणि मुळांची जागा यांकडे वळावे. आमच्याकडे पालाशची (पोटॅशची) कमतरता निघाली. उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत भिंग पोचत नाही, खाली पडलेल्या पानावर भागवावे लागते, आणि पडलेले पान बहुधा जुने असते. शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात काचेलाच बुरशी लागते. माझ्या स्वस्तातल्या भिंगाच्या आत ऑगस्टमध्ये कोळिष्टकासारखी नक्षी उमटली आणि ते बाद झाले. चांगले भिंग मी तेव्हापासून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवते आणि सुती रुमालाने कोरडे पुसते.

मोबाइलला लावायची मॅक्रो चिमटा-काच आणि छायाचित्रावरून रोग ओळखणारे एक ॲपही मी याच काळात वापरले. चिमटा-काच छायाचित्र काढून दुसऱ्याला पाठवण्यासाठी उत्तम आहे, समिती सदस्यांना पटवण्यासाठी तर तिला पर्याय नाही. पण तिच्यातून शोधणे जिकिरीचे होते, कारण पान हलले की पडद्यावर सगळे धूसर होते. ॲपने बोथट पात्याने फाटलेल्या गवताला ‘पानावरील बुरशीजन्य ठिपके’ म्हटले आणि ढालकिड्याच्या अळीला पिठ्या ढेकूण. दोन्ही चुका अशा होत्या की त्यांच्या शेवटी फवारणीच येते. त्याचा उपयोग मी आता नाव सुचवण्यापुरता करते आणि खूण भिंगाने पडताळते.

घ्यावे कोणी? ज्या सोसायटीत लॉन आहे, माळी आहे आणि फवारणीचे बिल येते, त्या प्रत्येक बाग समितीने घ्यावे. आम्ही जूनमध्ये माळीकाकांसाठी दुसरे घेतले आणि आता फवारणीच्या नोंदवहीत ‘भिंगाखाली काय दिसले’ असा एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय पंप बाहेर निघत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी एकवीस मिलिमीटरपेक्षा लहान काच घेऊ नये. दुकानात घेताना तीन काचांचे आहे का हे विचारावे, वहीच्या कागदावरच्या छापील अक्षराकडे पाहून कडेची अक्षरे वाकडी वा रंगीत होतात का ते तपासावे, खिडकीचे चित्र पाडून अंतर मोजावे आणि घडीचा खिळा सैल नाही ना ते पाहावे, कारण माझ्या भिंगाचा खिळा आठ महिन्यांत ढिला झाला आणि तो त्याच दुकानात वीस रुपयांत ठोकून मिळाला. गोफ मात्र लाल किंवा पिवळाच बांधावा. हिरव्या दोरीचे भिंग लॉनवर ठेवले की सापडत नाही, आणि लॉनमोअर त्यावरून गेले तर पात्याची धार आणि भिंग, दोन्ही जातात.